परमिट पाहुण्याचं, लायसन रहिवाशाचं

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की संभाजीनगर-लातूर-नांदेडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक यादी फिरायला लागते : 'भारतीय लायसनवर या देशांत बिनधास्त गाडी चालवा'. खाली लगेच वाद पेटतो. एक जण म्हणतो, आरटीओत हजार रुपये कशाला घालवायचे, माझा मेहुणा लंडनात आपल्याच लायसनवर फिरतोय. दुसरा म्हणतो, इंटरनॅशनल परमिट काढलं की जगात कुठंही स्टेअरिंग धरा. इथे जर्मनीत बसून हा वाद वाचला की जाणवतं, दोघंही अर्धंच खरं बोलताहेत. चालवणारा तिथे पाहुणा म्हणून चाललाय की राहायला, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. उत्तर मात्र सगळं त्यावरच अवलंबून असतं.

मुळात हे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, स्वतंत्र लायसन नाही. तुमच्या भारतीय लायसनवरची माहिती दुसऱ्या देशाच्या पोलिसाला वाचता यावी म्हणून ठरलेल्या नमुन्यात छापलेली ती पुस्तिका. मूळ लायसन घरी ठेवून नुसती पुस्तिका नेली तर तिची किंमत शून्य. लायसनची मुदत संपली की परमिटही त्याच दिवशी संपतं. भारतात ते चालत नाहीच. आणि त्याची मुदत प्रवासाच्या तारखेपासून मोजली जात नाही, ती काढल्या दिवसापासून एक वर्ष असते. पोराचं कॉन्व्होकेशन पुढच्या मे महिन्यात आणि परमिट आत्ताच काढून ठेवलं, असं करणाऱ्यांची कमी नाही. विमानात बसेपर्यंत त्यातले दहा महिने संपलेले असतात.

दुसरी गोष्ट कराराची. वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय करार प्रामुख्याने तीन : १९२६ चा पॅरिसचा, १९४९ चा जिनिव्हाचा, १९६८ चा व्हिएन्नाचा. भारत परमिट देतो ते १९४९ च्या करारानुसार. कोणता देश कोणता करार मानतो यावर तुमच्या पुस्तिकेचं वजन ठरतं, आणि इथंच फिरत्या याद्या तोंडावर पडतात. जपान फक्त १९४९ च्या नमुन्याचं परमिट मानतो. म्हणून जर्मन किंवा स्विस लायसनवाल्याला तिथे लायसनचं जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं, तर आपल्या परभणीच्या आरटीओची पुस्तिका तिथे थेट चालते. ती नसेल तर मात्र जपानी कायद्याच्या लेखी तुम्ही विनापरवाना चालक. लायसन इंग्रजीत आहे हा युक्तिवाद तिथे उभाच राहत नाही. याच्या बरोबर उलटं व्हिएतनाम. त्यांनी १९६८ चा करार स्वीकारला आहे, त्यामुळे भारतीय परमिट तिथे कायदेशीर ठरत नाही. हनोईत स्कूटर भाड्याने देणारा तुमचं लायसन विचारणारही नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. चीन कुठलंच आयडीपी मानत नाही. मुख्य भूमीवर गाडी चालवायची तर स्थानिक तात्पुरतं लायसन काढावं लागतं.

ब्रिटनमध्ये लहान गाडी आपल्या लायसनवर बारा महिने चालवता येते, परमिटची सक्ती नाही. म्हणजे लंडनच्या मेहुण्याचं खरं आहे, पण एक वर्षापुरतंच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांवरच्या पाहुण्याला आपल्या देशाचं वैध लायसन पुरतं. इटलीत मात्र युरोपबाहेरच्या लायसनसोबत आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागतंच, आणि दंड झाल्यावर 'लायसन इंग्रजीत आहे' म्हणून सुटका होत नाही. दुबईत पर्यटक म्हणून गेलेल्या भारतीयाला भाड्याच्या गाडीसाठी आयडीपी हवाच. थायलंडमध्येही तो लागतो, आणि तिथली फसगत जरा निराळी आहे.

फुकेतला गेलेली आपली मंडळी पहिल्या दिवशी स्कूटर घेतात. परमिटच्या पुस्तिकेत वाहनांचे ए ते ई असे वर्ग असतात : ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे चालक सोडून आठ सीटांपर्यंतची आणि साडेतीन टनांपर्यंतची गाडी, सी मालट्रक, डी बस, ई ट्रेलर. तुमच्या भारतीय लायसनवर जे वर्ग असतील त्यांच्यावरच शिक्का पडतो. लायसनवर नुसतं एलएमव्ही, म्हणजे हलकी चारचाकी, असेल तर ए कोरा राहतो आणि फुकेतमधली स्कूटर विनापरवाना ठरते. पाय मोडला तर दवाखान्याचं बिल प्रवास विमा बहुधा नाकारतो, कारण पॉलिसीत 'त्या वाहनाचं वैध लायसन' ही अट बारीक अक्षरात असते. पुस्तिका हातात पडली की तिथेच, खिडकीसमोर, शिक्के तपासावेत. घरी येऊन तपासले तर पुन्हा एक चक्कर.

आता काढायचं कसं. सारथी या सरकारी लायसन पोर्टलवर महाराष्ट्र निवडून लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की आयडीपीचा पर्याय दिसतो. अर्ज म्हणजे फॉर्म ४-ए. पासपोर्ट, लायसन, फोटो, जाणार त्या देशांची नावं, आणि फी एक हजार रुपये. व्हिसा आणि डॉक्टरचा दाखला ही अट केंद्राने जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने काढून टाकली. कारण साधं होतं : कित्येक देश व्हिसा विमानतळावर देतात, आणि ज्याच्याकडे वैध लायसन आहे त्याने पुन्हा तब्येतीचा दाखला का आणायचा? तरीही एजंट 'मेडिकलचे वेगळे' म्हणून पैसे मागतात. द्यायची गरज नाही. ऑगस्ट २०२२ पासून देशभर पुस्तिकेचा नमुना एकच झाला, तिच्यावर लायसनशी जोडलेला क्यूआर कोडही आला.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. जुनं पुस्तकाचं किंवा लॅमिनेट केलेलं लायसन असेल तर त्याची नोंद सारथीवर बऱ्याचदा नसते, पोर्टल 'रेकॉर्ड सापडत नाही' म्हणतं. आधी ज्या आरटीओने लायसन दिलं तिथे बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या लायसनची पोर्टलवर नोंद, करून घ्यावी लागते. एमएच-२४ चं, म्हणजे लातूरचं लायसन आणि आता राहायला एमएच-२० मध्ये, म्हणजे संभाजीनगरात, अशांनी हे तिकिटं काढण्याआधी बघावं. नावाचा घोळही नेहमीचा. लायसनवर 'विठ्ठल रामराव शिंदे', पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव गायब. आरटीओत हे खपून जातं, पण भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर तीन कागद शेजारी ठेवून नाव जुळवलं जातं. बुकिंग पासपोर्टवरच्या नावाने करा, आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. डेबिट कार्डावर डिपॉझिट अडवून ठेवायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. लायसन काढून एक वर्षही झालेलं नसेल तर परमिट असूनही अनेक ठिकाणी गाडी देत नाहीत. पंचविशीच्या आतल्याला वरून जादा पैसे. डिजिलॉकरमधलं लायसन जालना रोडवर हवालदाराला दाखवता येतं, मिलानच्या काउंटरवर नाही. प्लास्टिकचं कार्ड सोबत हवं.

आणि एक : आयडीपी 'ऑनलाइन दहा मिनिटांत, तीन वर्षांचा' असं विकणाऱ्या परदेशी वेबसाइटी आहेत. १९४९ च्या करारातलं परमिट एका वर्षाच्या वर नसतंच. तो रंगीत कागद घेऊ नका.

एवढं सगळं पाहुण्यापुरतं झालं. मराठवाड्यातून बाहेर पडणाऱ्यांत मात्र पाहुणे थोडे. लातूर-नांदेडची पोरं शिकायला जातात, वाळूज-शेंद्र्याचे इंजिनिअर कंपनीकडून बदलीवर जातात, आखाती देशांत तर कामालाच जातात. त्यांच्यासाठी परमिटची चर्चा पहिल्या काही महिन्यांतच निकामी होते.

जर्मनीत तुम्ही राहण्याची नोंद केली की भारतीय लायसन सहा महिने चालतं. मुक्काम बारा महिन्यांपेक्षा कमी आहे हे दाखवता आलं तर मुदत ३६४ दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. या काळातही लायसनचं जर्मन भाषांतर जवळ ठेवावं, एडीएसी या मोटार क्लबकडून किंवा शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं. कारण जर्मनी १९४९ च्या करारात नाही आणि आपली पुस्तिका काटेकोर अधिकाऱ्याला पुरेशी वाटेलच असं नाही. सहा महिन्यांनंतर चालवलं तर तो साधा दंडाचा मामला राहत नाही. विनापरवाना चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. गाडी देणारा मित्रही त्यात अडकतो. अपघात झाला तर विमा समोरच्याचं नुकसान भरून देतो, पण नंतर तुमच्याकडून ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकतो. गावाकडून नवं आयडीपी मागवून घेतलं म्हणून यातलं काहीही बदलत नाही. भारतीय दूतावासातून परमिट नव्याने मिळण्याची सोय २०२१ पासून आहे, पण तिचा उपयोग तुम्ही ज्या देशात राहता तिथे नाही, तिथून दुसरीकडे फिरायला गेलात तर आहे.

मग लायसन बदलून घ्यायचं. जर्मनीची एक यादी आहे. त्या देशांची लायसनं परीक्षेविना किंवा थोड्या परीक्षेने बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा पूर्ण. सवलत एवढीच की नवशिक्यासारखे ठरावीक तास शिकण्याची सक्ती नसते. पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतच असल्याने स्कूल गाठावंच लागतं. त्याआधी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग. लेखी परीक्षेत ३० प्रश्न, चुकांचे गुण १० च्या वर गेले की नापास, आणि पाच-पाच गुणांच्या दोन चुका झाल्या तरी नापास. परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची. ऑटोमॅटिकवर दिली आणि गिअरच्या गाडीचं वेगळं प्रशिक्षण स्कूलमध्ये घेतलं नाही, तर लायसन ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं.

आपल्याकडे दहा-पंधरा वर्षं गाडी हाणलेला माणूस यात का आपटतो, तर गाडी चालवता येत नाही म्हणून नव्हे. लेन बदलताना आरसा बघतो, पण मान वळवून खांद्यावरून मागे बघत नाही. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे त्याच्या अंगात नसतं. आपल्याकडे मोठी गाडी आधी जाते. झेब्राजवळ माणूस नुसता उभा दिसला तरी थांबायचं असतं. आणि ऑटोबानवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर, चढताना घाबरून वेग कमी करणं परीक्षक धोकादायक मानतो. बीड बायपासवर जे कौशल्य समजलं जातं, म्हणजे फट दिसली की गाडी घुसवणं, त्यावर इथे पहिल्या पाच मिनिटांत परीक्षा संपते.

ब्रिटनमध्येही बारा महिन्यांनंतर भारतीयाला प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन, काढून दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथलं लायसन काढायचं असतं, टेक्ससमध्ये नव्वद दिवसांत. दुबईत रेसिडेन्स व्हिसा लागला की आयडीपीचा अधिकार संपतो. कॅनडाच्या ओंटारिओत नव्या रहिवाशाला साठ दिवस. तिथे मात्र लायसन पायरी-पायरीने मिळतं, आणि जुन्या अनुभवाचं अधिकृत पत्र असेल तर पायऱ्यांमधला प्रतीक्षाकाळ कमी होतो. त्यासाठी सारथीवरून 'डीएल एक्स्ट्रॅक्ट', म्हणजे लायसनच्या नोंदीचा उतारा, काढून ठेवावं. आयडीपीवर तासभर भांडणारे या कागदाचं नावही काढत नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. मागणीच्या यादीत बस आणि ट्रकचे चालकही होते. तेव्हापासून जालना-बीडकडे 'हेवी लायसन आणि आयडीपी काढा, जर्मनीत नोकरी' असं सांगणारे मध्यस्थ उगवले असतील तर नवल नाही. हेवी लायसनवर इथे ट्रकची नोकरी उभी राहत नाही. जर्मन सी किंवा सीई वर्ग हवा, त्याशिवाय व्यावसायिक चालकाची पात्रता, जिची नोंद २०२१ पर्यंत लायसनवर ९५ या आकड्याने व्हायची आणि आता वेगळ्या कार्डावर होते, आणि हे सगळं समजेल इतपत जर्मन. मुलाकडून परमिटचे हजार रुपये घेणारा यातलं काही सांगत नसेल, तर त्याच्याकडून पावती मागा.

घरच्या वादाचा दुसरा पदर म्हणजे अभिमान : 'आपलं लायसन यांना का चालत नाही?' हा प्रश्न दूतावासाला विचारून उपयोग नाही, आपल्या टेस्ट ट्रॅकला विचारावा. जिथे आठचा आकडा काढला की काम होतं, रस्त्यावर ५५ मिनिटं कुणी शेजारी बसत नाही, आणि काही ठिकाणी आकडाही एजंटच काढतो, तिथलं लायसन परीक्षेविना बदलून द्यायच्या यादीत घ्या म्हणून कुठलं सरकार कुठल्या तोंडाने सांगणार? २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांत उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ केली. २०२४ मध्ये त्यावरून 'आता आरटीओत जायलाच नको' अशी अफवा उठली आणि केंद्राला खुलासा करावा लागला. त्या गदारोळात केंद्रांवर नेमकं शिकवतात काय, याची चर्चा कमीच झाली.

लायसन संपत आलेलं असताना परदेशी निघालेल्यांसाठी एक हिशेब. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदतीआधी एक वर्ष आणि मुदतीनंतर एक वर्ष नूतनीकरण करता येतं. त्यानंतर पुन्हा चाचणी. चाळिशी ओलांडलेल्यांना फॉर्म १-ए चा वैद्यकीय दाखला लागतो. निघण्याआधी नूतनीकरण करा, नवं कार्ड हातात आल्यावरच आयडीपीचा अर्ज टाका. उलट क्रमाने केलं तर परमिटवर जुनी मुदत येते आणि फी दुसऱ्यांदा भरावी लागते.