स्कारबरोचा झरा आणि कोकणातले ऊन पाणी

आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळ, राजवाडी आणि आरवली इथल्या गरम पाण्याच्या कुंडांचे पुढे काय करायचे, हा वाद गावाकडे अधूनमधून पेटतो. कुंडाभोवती चकचकीत फरशी घालावी, न्हाणीघरे बांधावीत, तिकीट लावावे, असे काहींचे म्हणणे. आहे ते तसेच राहू द्यावे, असे इतरांचे. अशा वेळी कोणीतरी मला हमखास सांगतो की, ‘तुम्ही तिकडे राहता, तिकडचे लोक असल्या जागा कशा जपतात ते जरा इथल्यांना समजावून सांगा.’ मी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये लीड्सला राहतो आणि इथून आगगाडीने दीडएक तासावर समुद्रकाठी असलेल्या स्कारबरोला बरेचदा जातो. उत्तर द्यायचे तर त्याच गावाचे द्यायला हवे, आणि ते विचारणाऱ्याला अपेक्षित असते तसे नाही.

स्कारबरोच्या दक्षिण कड्याच्या पायथ्याशी, अगदी वाळूला लागून, १६२६च्या सुमारास फॅरर नावाच्या एका प्रतिष्ठित घरातल्या बाईंना झऱ्याखालचे दगड तांबूस झालेले दिसले. पाणी चाखले तर कडसर लागले. लोह आणि मॅग्नेशियम सल्फेट असलेले ते थंड पाणी पोट साफ करते, हे हळूहळू सर्वांना कळले. हल शहरातले डॉक्टर रॉबर्ट विटी यांनी १६६०मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि १६६७च्या आवृत्तीत समुद्रस्नानाचीही शिफारस केली. विल्यम सिम्प्सन या दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांचे दावे खोडून काढायला घेतले आणि दोघांत छापील भांडण जुंपले. झऱ्याचे पाणी पिणे आणि समुद्रात बुडी मारणे या दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर जमल्याने गाव भरभराटीला आले. १७३५च्या एका चित्रात पाण्यात नेऊन उभी केलेली चाकांवरची स्नानघरेही दिसतात.

१७३७च्या डिसेंबरात कडाच खचला. झऱ्याजवळचे बांधकाम उद्ध्वस्त झाले, झरा मातीखाली गाडला गेला आणि लोकांनी तो शोधून पुन्हा मोकळा केला. पुढे मात्र लक्ष पाण्यावरून इमारतींकडे वळले. १८२७मध्ये दरी ओलांडणारा पूल झाला, १८४५मध्ये रेल्वे आली, १८५८मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रदर्शन-इमारतीचे रचनाकार जोसेफ पॅक्स्टन यांनी भव्य सभागृह उभे केले. १८७६मध्ये ते जळाले आणि १८८०मध्ये आजची वास्तू उघडली. तिथे उन्हाळ्यात वाद्यवृंद वाजतो, परिषदा भरतात, आणि कायद्याने संरक्षित असलेली ती वास्तू खरोखर देखणी राखली आहे. तिला अजूनही ‘स्पा’च, म्हणजे औषधी झऱ्याचे ठिकाणच, म्हणतात. पण १९६०च्या दशकाच्या अखेरीस झऱ्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समुद्राच्या भिंतीपाशी खाली उतरून दगडावरचा तो तांबूस डाग बघत उभा राहिलो. माझ्यामागून माणसे कॉफीचे पेले घेऊन जात होती आणि तिकडे कोणी वळत नव्हते.

मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण आमच्याकडे पाणी अजून वाहते आहे. दापोली तालुक्यातले उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरजवळचे उन्हाळे या गावांच्या नावांतच ‘ऊन’ आहे, म्हणजे गरम. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास असते. पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. म्हणजे कुंड हे त्या वाटेचे नुसते तोंड आहे, आणि वाट दूरवरच्या डोंगरात, शेताखाली, कोणाच्या तरी आवारात आहे. फरशी आणि न्हाणीघरे यांवर वाद घालणारे दोन्ही पक्ष या वाटेबद्दल चकार शब्द काढत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

इंग्रजांकडून घेण्यासारखे काही नाही, असे मी म्हणत नाही. १९९३मध्ये याच कड्याचा आणखी एक भाग खचून होल्बेक हॉल नावाचे हॉटेल कोसळले. ‘स्पा’च्या मागचा उतारही अलीकडे सळया ठोकून पक्का केला आहे. जमीन हलते हे मान्य करून तिच्यावर सतत लक्ष ठेवण्याची ही सवय आपण जरूर उचलावी. त्यांच्या सभागृहाची नक्कल मात्र करू नये.

माझे आजोबा माघातल्या पहाटे गुडघे धरून तुरळच्या कुंडावर जायचे. गंधकाचा वास त्यांच्या पंच्याला दिवसभर यायचा, आणि आजी तो पंचा इतर कपड्यांत मिसळू देत नसे. त्या कुंडावर कोणी तिकीट मागत नव्हते. पुढच्या ग्रामसभेत फरशीचा ठराव येईल तेव्हा माझ्या भावाने एवढेच मांडावे, असे मी त्याला कळवले आहे: आधी वर्षभर, दर महिन्याला, कुंडाचे तापमान आणि पाण्याची पातळी वहीत लिहा, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि जवळपास नवी विंधन विहीर खोदायची परवानगी तोवर कोणालाही देऊ नका. वही आणि तापमापीचा खर्च मी इथून पाठवतो.