वाघ राहू दे, आधी आईचं वय तरी नीट लिहा

काल रात्री पावणेअकराला एजंटकडून ताडोब्याच्या सफारीचं परमिट आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर, तिरका काढलेला फोटो. उघडलं तर गेट कोलारा. आमचं रिसॉर्ट मोहर्लीत, दोन रात्रींचे पैसे भरून झालेले, परत मिळणार नाहीत असं ठसठशीत लिहून दिलेलं. आणि खाली आईच्या नावापुढे: पुरुष, वय २७. माझी आई ७२ वर्षांची आहे.

तीनदा फोन कट केला त्या एजंटनं. चौथ्यांदा उचलला आणि म्हणतो, "मॅडम, ताडोबा तेच आहे ना. वाघ काय मोहर्लीतच बसून असतो का?"

अरे, वाघ कुठंही बसू दे! आम्ही कुठं बसायचं ते सांग! मोहर्ली जंगलाच्या दक्षिणेला, कोलारा उत्तरेला चिमूरकडे. मधून जाता येत नाही, मध्ये वाघांचं घर आहे. सगळा वळसा बाहेरून, दोन तासांच्या वर. पहाटे गेट उघडायच्या आधी तिथं हजर राहायचं म्हणजे आईला अडीचला उठवायचं, तीनला गाडीत घालायचं आणि अंधारात अनोळखी रस्त्यानं न्यायचं. हा माणूस रोज हाच धंदा करतो. कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची, सहा गेटं आहेत, बफरची, म्हणजे भोवतालच्या पट्ट्याची, त्याहून जास्त, हे मला पाठ झालंय आणि याला माहीत नाही? माहीत आहे. मोहर्लीचं मिळालं नाही, हातात होतं ते चिकटवलं. फेब्रुवारीत तसं सांगितलं असतं तर मी राहायची सोय कोलाऱ्याला केली असती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

वयाचं काय, विचारलं तर म्हणे, "गेटवर बघून घेऊ."

या 'बघून घेऊ'नं माझं डोकं फिरतं. कोण बघून घेणार? तू तर चंद्रपुरात झोपलेला असशील. गेटवर मूळ ओळखपत्र मागतात, परमिटशी ताडून बघतात, आणि ते बरोबरच आहे. तिथला माणूस त्याचं काम करणार. त्याच्यासमोर पहाटेच्या अंधारात आधार कार्ड धरून माझी आई उभी राहणार आणि मी सांगणार की ही २७ वर्षांचा पुरुष नाही. तिचं कार्ड मी दोनदा पाठवलं होतं. एकदा फोटो, एकदा पीडीएफ. वर जन्मवर्ष टाइप करूनही दिलं होतं. आकडे उलटे झाले हे एक वेळ समजू शकते, पण कार्डावरची बाई पुरुष कशी होते? कार्ड उघडूनच बघितलेलं नाही!

आधी याच माणसानं मंगळवार सुचवला होता. मंगळवारी कोअर बंद असतं. मी सांगितल्यावर म्हणाला, "हो का?"

एजंटकडे कशाला गेलात, स्वतः करायचं ना, असं म्हणणारे भेटतातच. केलं होतं. मागच्या वर्षी, दिसायला अगदी सरकारी वाटणाऱ्या एका साइटवर पैसे भरले. ती सरकारी नव्हती. पैसे गेले, परमिट नाही, नंबर बंद. यंदा खरी साइट शोधून ठेवली, पण आम्हाला हव्या त्या सकाळी मोहर्लीची एकही जिप्सी (सफारीची उघडी गाडी) शिल्लक नव्हती. आणि तीच सकाळ चार एजंट मला फोनवर देऊ करत होते, दर सांगत होते वेगवेगळे. सहा माणसांची जिप्सी, एक चालक, एक गाइड. एवढ्या साध्या गोष्टीसाठी सामान्य माणसानं कुणाकुणाचे पाय धरायचे?

वर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "सायटिंग पाहिजे ना मॅडम?" सायटिंग म्हणजे वाघ दिसणं. हा शब्दच मला सहन होत नाही. एकानं तर हमी दिली, नव्याण्णव टक्के. जंगलातल्या जनावराची हमी! याच हमीपायी चालक जिप्स्या पळवतात, सांबराचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, आला की धुरळा उडवत वीस गाड्या एका वळणावर. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी जिप्स्या, पिल्लांना निघायला वाट नाही. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाघांना निवांतपणा मिळावा म्हणून नवेगाव, जामणीसारखी गावंच्या गावं ताडोब्यातून उठली. लोकांनी घरं सोडली, शेतं सोडली. आणि आपण तिथं जाऊन ओरडतो, "अरे पुढे घे, पुढे घे, शेपूट दिसतेय."

माझ्या आईला वाघाचं एवढं नाहीच. तिचं माहेर भद्रावतीचं. लहानपणी पौषात वडिलांबरोबर बैलगाडीनं ती तारूच्या जत्रेला जायची. तळ्याकाठी मोठं झाड, त्याखाली देव. वाघाशी झुंजताना गेलेला तारू, त्याच्यावरूनच ताडोबा. तिला ते तळं एकदा बघायचंय, गाडीतून दिसेल तेवढं. एवढंच मागणं आहे, आणि त्यासाठी ती महिनाभर तयारी करतेय. जिप्सीची पायरी उंच असते असं कुणीतरी सांगितलं, तर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर एक पाय ठेवून, ओट्याला धरून चढते आणि उतरते. दहा वेळा. गुडघा कटकट वाजतो, मला हॉलमध्ये ऐकू येतो. आत गाडीतून वाटेल तिथं उतरता येत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी प्यायचं असंही तिनं ठरवून टाकलंय. मातकट हिरव्या रंगाची सुती साडी इस्त्री करून कपाटात वेगळी ठेवलीय, जनावरं बुजायला नकोत म्हणून.

आणि या माणसाला तिचं कार्ड उघडून बघायला अर्धा मिनिट मिळाला नाही.

आज सकाळी नऊला परत फोन केला. बंद. साडेनऊला बंद. दहाला लागला, तर म्हणे परमिटवर काही बदलता येत नाही, नवीन बुकिंग करावं लागेल, नवीन पैसे. मी सांगितलं, चूक तुझी आहे, एक रुपया देणार नाही, माझे सगळे मेसेज तारखेसकट ठेवलेत, आणि मोहर्लीचं परमिट आईच्या बरोबर वयानं आलं नाही तर ते सगळे घेऊन मी ग्राहक आयोगात जाणार. जाणारच आहे. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत सांगतो.

आता सव्वाचार झालेत. आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. ती आत स्टूल सरकवतेय, आवाज येतोय.