फ्रँक स्पेन्सर ही शिवी नव्हे

आज सकाळी बॉयलर दुरुस्त करायला घरी दोघे आले होते, एक मुरलेला कारागीर आणि त्याच्या हाताखाली काम शिकणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या हातून पाना निसटला, तो उचलायला वाकताना पिशवीचा धक्का लागून ओट्यावरची लोणच्याची बरणी खाली आली आणि बरणी सावरायला धावलेल्या त्याच्याच कोपराने चहाचा कप लवंडला. बँकेत मोठ्या पगारावर असलेला माझा भाचा तेव्हा तिथेच चहा पीत बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, "आला बघा फ्रँक स्पेन्सर!" मुलाला ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, परंतु सूर कळायला नाव ठाऊक असावे लागत नाही. त्याचे कान लाल झाले. भाचा ही पोस्ट वाचेल. वाचू दे.

जे ब्रिटनमध्ये वाढले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फ्रँक स्पेन्सर हा 'सम मदर्स डू 'ॲव 'एम' या बीबीसीच्या मालिकेचा नायक. ती 1973 साली सुरू झाली आणि मधल्या मोठ्या खंडासह 1978 च्या नाताळापर्यंत चालली. डोक्यावर बेरे टोपी, अंगात लांब रेनकोट, तोंडी अतिशय नम्र भाषा आणि हात लावील त्या वस्तूचा सत्यानाश, असा हा धांदरट माणूस दर भागात नव्या नोकरीच्या किंवा नव्या उद्योगाच्या मागे असतो आणि ते काही त्याच्या हाती टिकत नाही. मायकेल क्रॉफर्डने ती भूमिका केली, बेटी या त्याच्या बायकोची मिशेल डोट्रिसने, आणि लेखन आइल ऑफ वाइटच्या रेमंड ॲलनचे होते.

माझे बाबा आमच्या बर्मिंगहॅमच्या इमारतीतले फ्रँक स्पेन्सर होते. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही, त्यांना खरोखरच त्या नावाने हाक मारली गेली होती. 1973 च्या नोव्हेंबरात त्यांनी देवघराची फळी बसवण्यासाठी भिंतीला भोक पाडले आणि नेमका पाण्याचा पाइप फोडला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध इंग्रज बाईंच्या छतातून धार लागली. त्या जिना चढून वर आल्या, बाबांकडे पाहिले, बाबांच्या हातातल्या गणपतीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अरे देवा, फ्रँक स्पेन्सर!" मग खाली जाऊन स्वतःची बादली आणि पोछा घेऊन आल्या. आईला वाटले, बाईंनी शिवी दिली. त्यांनी आम्हा सगळ्यांना त्या आठवड्याचा भाग पाहायला आपल्या घरी बोलावले, तेव्हा कुठे तिचा गैरसमज दूर झाला.

माझा मुद्दा त्या बादलीत आहे. त्या बाई हसल्या, परंतु पाणी पुसता पुसता हसल्या. माझ्या भाच्याने खुर्चीवरून पायसुद्धा हलवला नाही.

मालिका पाहताना आई सारखी बेटीकडे बघत होती. घर पडायची वेळ आली तरी ती बाई नवऱ्याला सोडून जात नाही, लोकांसमोर त्याचा पाणउतारा करत नाही, याचे आईला फार नवल वाटले. ती म्हणाली, "बघा हो, एकदाही ओरडली नाही." त्यावर बाबा म्हणाले, "तिला लिहून दिलं नसेल." शेजारीण बाईंनी आम्ही का हसतो आहोत असे विचारले, आणि आईने भाषांतर करायला नकार दिला.

आता कोणीतरी म्हणेल की त्यातले काही विनोद शिळे झाले आहेत, विशेषतः फ्रँकच्या बायकी हावभावांवरून केलेले. झाले आहेत, मान्य. बेटीच्या सोशिकपणाचे कौतुक करू नये, हेही मान्य. माझी आई काही तितकी सोशिक नव्हती. मात्र फ्रँक मूर्ख आहे आणि म्हणून तो विनोदी आहे, हे मला मुळीच मान्य नाही. तो कामचुकार नाही, खोटारडा नाही. साहेबांपुढे तो ताठ उभा राहतो, नीट उत्तरे देतो, मनापासून काम करू पाहतो, आणि जग त्याच्या मापाचे शिवलेलेच नसते. नकलाकारांनी मात्र त्याचा सुरकुतलेला आवाज तेवढा उचलला. त्यांनी अजरामर केलेले 'ऊऽ बेटी' हे वाक्य मूळ मालिकेत क्वचितच ऐकू येते. माणूस राहिला बाजूला आणि लोकांच्या हाती टोपी उरली.

पुन्हा बाबांकडे येते, कारण आज दिवसभर मी त्यांच्याकडेच येते आहे. इंग्लंडला येण्यापूर्वी ते साताऱ्याला तार ऑफिसात होते. तारयंत्राची 'कडकट्ट' कानावर पडली की शाई वाळायच्या आत मजकूर लिहून काढणारा माणूस. इथे त्या विद्येचा कोणाला उपयोग नव्हता, म्हणून ते कारखान्यात खोकी बांधत, आणि तिथेही त्यांच्या हातून खोकी सुटत. त्या संध्याकाळी मालिकेचे शीर्षकसंगीत सुरू झाले, पिकोलो या छोट्या बासरीची ती तुटक तुटक शीळ, आणि बाबा एकदम सरळ बसले. त्यांनी बाईंच्या वर्तमानपत्राचा कोपरा ओढला आणि एकेक अक्षर लिहायला लागले. संगीतकार रॉनी हेझलहर्स्टने मालिकेचे नावच तारेच्या मोर्स लिपीत त्या शिळेत बसवले आहे. शेजारीण बाई मालिका पहिल्यापासून पाहत होत्या आणि त्यांना याचा पत्ता नव्हता. बाबांनी अक्षरे पुरी केली, पडद्यावरच्या नावाशी ताडून पाहिली आणि गंभीरपणे तक्रार केली, "दोन अपॉस्ट्रॉफी गाळल्यात. तार स्वस्तात पाठवलेली दिसते." बाईंनी तो कोपरा कात्रीने कापून जपून ठेवला.

माझ्या रागाचे कारण एवढेच आहे, हे लिहिता लिहिता माझ्या ध्यानात येते आहे. फळी बसवता न येणाऱ्या त्या माणसाला काय येत होते, ते कळायला त्याला कोणीतरी आपल्या घरी बसवून घ्यावे लागले.

आणि खुद्द क्रॉफर्ड! ती जिवावरची कामे त्याने स्वतः केली आहेत. कड्याच्या टोकावर अडकलेल्या गाडीला लोंबकळणारा तोच, स्केटिंगच्या हॉलमधून थेट रस्त्यावर आणि लॉरीच्या पोटाखालून सुटणारा तोच. असे बिनचूक पडायला शरीरावर किती हुकूमत लागत असेल! हाच माणूस 1986 साली लंडनच्या रंगभूमीवर 'फँटम ऑफ द ऑपेरा'चा नायक म्हणून उभा राहिला आणि गायला, तेव्हा लोक चकित झाले. बाबा झाले नाहीत. ते म्हणाले, "मी सांगत होतो."

भाच्याला मी पाहुण्यांसमोर काही बोलले नाही, त्याची कसर इथे भरून काढते आहे. तो गेल्यावर त्या मुलाने फरशी पुसता पुसता हळूच विचारले की फ्रँक स्पेन्सर कोण. मी फोनवर त्याला स्केट्सचा तो प्रसंग दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला. हसला नाही. दुसऱ्यांदा लॉरी येऊन गेल्यावर म्हणाला, "हा पडत नाहीये. ह्याला फार छान येतंय."

बॉयलर त्यानंतर वीस मिनिटांत सुरू झाला. लोणचे मात्र सगळे गेले, आणि ते आईच्या हातच्या मसाल्याचे शेवटचे होते, हे मी त्याला सांगितले नाही.