अंगाबरोबर पाणी

वाळलेलं मियॉक म्हणजे समुद्री शेवाळ. काळं, चुरगळलेलं, कॅसेटमधून ओढून काढलेल्या फितीसारखं. पाकीट पन्नास ग्रॅमचं होतं. नवऱ्याचा वाढदिवस होता आणि कोरियात वाढदिवसाला मियॉक-गुक, म्हणजे मियॉकचं सूप, हवंच. बाळंतिणीलाही हेच देतात, आपल्याकडे अळिवाची खीर देतात तसं. माझ्या पाकपुस्तकात लिहिलं होतं, 'मूठभर मियॉक भिजत घाला.' पाकीट उघडलं तर सगळं मिळून जेमतेम दोन मुठी. उरलेल्या एका मुठीचं लोणचं घालायचंय का, असं म्हणून सगळंच भांड्यात ओतलं आणि आंघोळीला गेले.

परत आले तर ते भांडं सोडून ओट्यावर आलं होतं. मियॉक पाण्यात दहा पटींहून जास्त फुगतं, ही गोष्ट पुस्तकाला ठाऊक असणार, पण त्याने ती स्वतःपाशीच ठेवली होती. मी मोठं पातेलं काढलं, मग कुकर, मग कणकेची परात. सुवॉन शहरातल्या आमच्या टीचभर स्वयंपाकघरात माणसाला उभं राहायला जागा उरली नाही. नवऱ्याचा वाढदिवस चार दिवस चालला.

चौथ्या दिवशी तो अगदी शांतपणे म्हणाला, "दुसरं पुस्तक घेऊया का?"

पहिलं पुस्तक परदेशातून आलेलं, इंग्रजी, गुळगुळीत. दर दोन पानांआड लाकडी टेबल, खादीसारखं फडकं आणि त्यावर उगाच सांडलेले तीळ. त्यातला कप अमेरिकन, २४० मिलीचा. माझा कप इथल्या दुकानातला, आणि कोरियन कप २०० मिलीचा असतो. हे कळेपर्यंत मी सहा महिने प्रत्येक पदार्थ घट्ट का होतोय म्हणून गॅसला दोष देत होते. शिवाय ते बिनदिक्कत लिहितं, 'सोया सॉस दोन चमचे'. इथे दुकानात गांजांगची, म्हणजे सोया सॉसची, अख्खी भिंत असते. सूपाचं गुक-गांजांग रंगाने फिकं पण जास्त खारट. शिजवायच्या भाज्यांना जिन-गांजांग, ते गडद आणि जरा गोडसर. मी रंगावर गेले. फिकं म्हणजे सौम्य, असा आपला हिशेब. त्या दिवशीची बटाट्याची भाजी खाऊन आम्ही दोघं रात्रभर पाणी पीत बसलो होतो.

मग एका शनिवारी एक नंबरच्या मेट्रोने तासाभराहून जास्त प्रवास करून सोलला, ग्वांगह्वामुनच्या क्योबो बुकस्टोअरमध्ये गेले. पाकपुस्तकांचे कप्पेच्या कप्पे. एकट्याने जेवणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तकं, एअर फ्रायरवाल्यांची वेगळी, आणि उष्टावण झालेल्या बाळांना काय भरवावं याचा तर वेगळा संसारच. घरचं साधं जेवण, ज्याला इथे जिपबाप म्हणतात, त्याची पुस्तकं शोधता शोधता हाती लागलं बौद्ध मठातल्या स्वयंपाकाचं पुस्तक. मांस नाही, मासे नाहीत. श्रावणाची सोय झाली म्हणून हरखले. पुढे पाच वर्ज्य पदार्थांची यादी होती: लसूण, कांद्याची पात, आणि तिच्या गोतातल्या आणखी दोन. इथवर आईही टाळ्या वाजवेल. पाचवा पदार्थ फोनवर शोधला तर निघाला हिंग. कांदा-लसूण सोडीन, पण हिंगाच्या डबीला कुणी हात लावायचा नाही. पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

शेवटी घेतलं ते एक कोरियनमधलंच, फोटो जेमतेम, मुखपृष्ठावर एक उदास भोपळा. कारण त्यात चमच्यांची भानगड सुरुवातीलाच निस्तरली होती: आमचा चमचा म्हणजे जेवायचा चमचा, पंधरा मिलीचा मोजायचा नव्हे. इतकी प्रामाणिक बाई (किंवा बुवा, नाव वाचता आलं नाही) विश्वासाला पात्र असणारच.

पण माझं कोरियन भाजीवालीला 'इमो', म्हणजे मावशी, अशी हाक मारण्यापुरतं. पहिल्याच कृतीत अडले. 'पाणी जाजाकागे ठेवा.' फोनने भाषांतर केलं, 'पाणी लहानपणे ठेवा.' पुस्तक घेऊन खालच्या मजल्यावरच्या हालमॉनींकडे, म्हणजे आजींकडे, गेले. त्यांनी आधी पुस्तक हातात घेऊन तोलून बघितलं, कलिंगड बघतात तसं. मग हसल्या. मग पातेल्यात मुळ्याच्या जाड चकत्या रचल्या आणि तांब्याने पाणी ओतायला लागल्या. चकत्यांच्या माथ्यापर्यंत पाणी आलं, वरचा कडा तेवढा चमकत राहिला, आणि त्यांनी हात थांबवला. "जाजाकागे."

"अंगाबरोबर!" मी मराठीत ओरडले.

त्या दचकल्या. पण मला आता थांबवणं शक्य नव्हतं. पुढची ओळ, 'हानसोकुम' शिजवा: एक उकळी आणा. सालतुमुल: तांदळाचं धुवण, आणि तेही दुसऱ्या पाण्याचं, त्यात सूप करायचं. सोनमात: हाताची चव. मीठ किती, तर 'जॉकदांगी'. ते मला कुणी सांगावं लागलं नाही. आईने पंचवीस वर्षं तेच सांगितलंय, 'अंदाजाने'.

तेव्हापासून पुस्तकाची परीक्षा मी एकाच पानावर घेते. दुकानात उभ्या उभ्या मियॉक-गुक उघडायचं. 'वाळलेलं, चौघांना वीस ग्रॅम' असं वजन दिलंय? कुठलं गांजांग ते सांगितलंय? सुक्या मासळीच्या पाण्याची कृती असेल तर आधी तिची डोकी आणि पोट काढायला सांगितलंय? तिन्ही असेल तरच पाकीट उघडायचं, पैशांचं.

हालमॉनींनीच एकदा 'उमशिक दिमिबांग'बद्दल सांगितलं. १६७०च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी हंगुल लिपीत लिहिलेलं हे पाकपुस्तक. जवळपास दीडशे कृती, त्यातल्या एक तृतीयांश दारूच्या, आणि मिरची कुठेच नाही. शेवटी त्या लिहितात की डोळ्यांनी नीट दिसत नसताना कसंबसं लिहिलंय. लेकींनी आपापली नक्कल करून न्यावी, पण हे पुस्तक उचलून न्यायचा विचारसुद्धा मनात आणू नये.

मी कोरियाला निघाले तेव्हा आईकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' मागितलं होतं, तिचं, हळदीच्या बोटांचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. तिने कपाटाला कुलूप लावलं आणि म्हणाली, "फोटो काढून ने."

परवा तिला फोनवर या जांगबाईंची गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शहाणी होती. मुली किती होत्या गं तिला?"