टँकर हा उपकार नव्हे

ज्या गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्याच गोव्याच्या डिचोली तालुक्यात एप्रिल उजाडताच आम्हाला दारात घागरी आणि बालद्या मांडून टँकरची वाट पाहत बसावे लागते, याचा मला मनस्वी संताप येतो. आज तिसऱ्या दिवशी टँकर आला आणि चार घरांचे पाणी भरेपर्यंत रिकामा झाला. विचारले, तर चालक म्हणाला, "खाणवाले फुकट देतात, वर तक्रार कसली करता?"

फुकट कसले? जांभ्या दगडाच्या थराखाली जे भुसभुशीत लोहखनिज आहे, तेच आमच्या भूजलाचे साठवण आहे. ते खणून काढायचे म्हणजे पाण्याचे भांडेच उचलून न्यायचे. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात पाणी भरते, ते उपसायला रात्रंदिवस पंप चालतात आणि इकडे आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. ओहोळात सोडून दिलेले ते पाणी आमचेच होते. त्यातलेच थोडे टँकरमध्ये घालून आमच्यावर मेहेरबानी कशी काय होते?

पावसाळ्यात तर खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून लाल गाळ शेतात उतरतो, सुकल्यावर दगडासारखा घट्ट बसतो आणि वायंगणीचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचे, पीक हातचे जाते.

मी खाणींचा शत्रू नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकचे हप्ते थकलेली घरे मी जवळून पाहिली आहेत; 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर त्याच घरांची पुन्हा झालेली ससेहोलपटही पाहिली आहे. पण रोजगार की पाणी, असा प्रश्न दर वेळी आमच्याच तोंडावर का फेकला जातो? खनिजाचा टन न् टन काट्यावर तोलून त्याची रॉयल्टी भरली जाते, मग खंदकातून किती पाणी उपसले, हे आमच्या पंचायतीच्या फलकावर आजवर एकदाही का लागले नाही? विहिरींची पातळी दर महिन्याला गावकऱ्यांसमोर मोजा, ती खाली गेली की पंप बंद करा, आणि उपसलेले पाणी गाळ बसवून आधी शेताला द्या. एवढेसुद्धा जमत नसेल, तर विकासाचा समतोल साधला असे आमच्या ग्रामसभेत येऊन कोणीही सांगू नये.