येळ्ळूरकर काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

येळ्ळूरकर काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि पुसलं. आज शांतपणे लिहितेय. कितपत शांत, ते तुम्हीच ठरवा.

बाकीच्या वाचकांसाठी: कम्युनिटी लँड ट्रस्टवर (जमीन ट्रस्टकडेच राहते, म्हणून घर पुढच्या घेणाऱ्यालाही परवडतं) मी लेख लिहिला होता. त्याबद्दल काका म्हणतात की जमीन ट्रस्टची आणि घर तेवढं आपलं, ही नव्या नावाची कूळवहिवाट झाली. विकताना वाढीव किमतीतला थोडासाच वाटा मिळणार असेल तर गरीब गरीबच राहणार. आपल्याकडे भूदान फसलं, तर हे तिकडचं खूळ इथे काय रुजणार? आणि जमीन जाते म्हणून बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासला शेतकरी विरोध करत होते तेव्हा मी कुठे होते? या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य: "चार फायली लावून जमीन कळत नाही बाळ, चिखलात पाय घालावा लागतो."

आधी या वाक्याचं बघू.

मी 27 वर्षांची आहे. बाहेर शिकून आलेला मुलगा बेळगावात 'सर' होतो आणि मुलगी 'बाळ' राहते, हे मला नवीन नाही. पण निदान जमिनीवर बोलताना तरी वय आणि वेणी बाजूला ठेवता आली असती.

आता फायली. लावल्या की! बोस्टनमधल्या एका संस्थेत इंटर्न होते, दुसरं काय करणार? ती संस्था स्वतः जमीन धरत नाही. जमीन धरणाऱ्या ट्रस्टना ती करारांचे मसुदे देते, त्यांच्या माणसांना शिकवते, कर्ज कुठे मिळेल ते सांगते. माझ्याकडे 99 वर्षांच्या भुईभाड्याचे जुने करार स्कॅन करून तपासायचं काम होतं. एक फाइल उघडून दाखवते. वर करार. त्यामागे घर घेणाऱ्याचं सहीचं पत्र: हे घर मला पुढे बाजारभावाने विकता येणार नाही, हे समजून मी घेत आहे. त्यामागे वकिलाचं पत्र: मी माझ्या अशिलाला सगळ्या अटी समजावून सांगितल्या आहेत. हा वकील ट्रस्टचा नव्हे, घेणाऱ्याचा. ते पत्र नसलं की फाइलवर लाल चिठ्ठी लावून ती बाजूला काढायची, हे माझं काम. याला तुम्ही 'फायली लावणं' म्हणता.

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत नाही असं नाही. घेणारा मराठी, देणारा मराठी, खरेदीपत्र कन्नडमध्ये. बाँड रायटर म्हणतो, "नेहमीचंच आहे, करा सही." आणि आपण करतो. माझ्या वडिलांनी केली. जायच्या-यायच्या वाटेचा हक्क त्या कागदात कुठेच नव्हता, हे चार वर्षांनी कळलं. त्यामुळे फाइल म्हटलं की मला हसू येत नाही.

राहिला चिखल. माझे आजोबा कूळ होते. 1 मार्च 1974 पासून कर्नाटकात कुळांकडची जमीन सरकारकडे गेली आणि कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरून लँड ट्रिब्युनलपुढे हक्क सांगायचा, ही हकीकत आमच्या घरात दिवाळीच्या फराळासारखी दरवर्षी निघते. आजोबांना दोन एकर मिळाली. पावसाळ्यात बासमती, मागाहून मसूर. रोप लावणीला मी उतरलेय, गुडघ्यापर्यंत. तेव्हा तुमच्या चिखलाची हजेरी माझ्याकडूनही घ्या.

त्या दोन एकरांचं पुढे काय झालं? चार मुलगे, वाटणीला वीस-वीस गुंठे. एकाचं लग्न, एकाचं दवाखान्याचं बिल, एकाला ट्रॅक्टरचा हप्ता, आणि शेवटच्याला शेजारी लेआउट पडला म्हणून घाई. गुंठ्या-गुंठ्याने सगळं गेलं. आज त्या शिवारात आमच्यातल्या कुणालाही एक प्लॉट परवडत नाही, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायला मोकळीक आहे. काका, ती पूर्ण मालकीच होती. कुणाचा ट्रस्ट नाही. ती एका पिढीत संपली. तुम्ही ज्याला कूळवहिवाट म्हणता त्या व्यवस्थेत ट्रस्टच्या मंडळावर साधारण एक तृतीयांश माणसं त्याच घरांत राहणारी असतात. आजोबांना सावकाराने कधी ओसरीवरसुद्धा बसवलं नव्हतं.

'बेळगावला हाच एक उपाय' हे शीर्षक मात्र जास्त झालं होतं. मान्य. बदललंय.

बाकीचं थोडक्यात. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनच्या ट्रस्टमध्ये घर विकताना मालकाला वाढीव किमतीच्या 25 टक्के मिळतात. तुम्हाला ते कमी वाटतं. भाड्याने राहणाऱ्याला किती मिळतात? पुढचा हिशोब अर्थतज्ज्ञ घालत बसोत.

भूदान-ग्रामदान फसलं की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण 'तिकडचं खूळ' म्हणण्याआधी एवढं बघा: 1969 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात काळ्या शेतकऱ्यांसाठी पहिला असा ट्रस्ट उभा राहिला, तेव्हा तो उभा करणाऱ्यांपुढे विनोबांच्या ग्रामदानाचा, म्हणजे गावाने जमीन गावाच्याच नावे करण्याचा, नमुना होता. 1957 ची ग्रामदान परिषद तर आपल्याच राज्यात, म्हैसूरजवळ येलवाळला झाली. नेहरू आले होते. जॉर्जियातली ती सुमारे 5,700 एकर जमीन 1985 मध्ये कर्जापायी गेली, हेही तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते.

बायपासच्या वेळी मी कॉलेजात होते. आंदोलनाला गेलेल्यांनीच जमिनीवर बोलायचं असा नियम असेल, तर निम्म्या बेळगावने तोंडाला कुलूप लावायला हवं, आणि त्यात कोण कोण येईल ते मी इथे लिहीत नाही. बोस्टनच्या डडली स्ट्रीट भागात 1988 मध्ये रहिवाशांच्या संघटनेलाच ओसाड प्लॉट संपादित करायचा अधिकार मिळाला, म्हणजे भूसंपादन उलट्या बाजूने. हे माझ्या लेखात होतं, शेवटून तिसऱ्या परिच्छेदात. तिथवर तुम्ही पोचला नसाल.

पुन्हा जरूर लिहा. 25 टक्क्यांच्या मुद्द्यावर आकडे घेऊन आलात तर आकड्यांनी उत्तर देईन. 'बाळ' लिहिलंत तर प्रतिक्रिया राहील, उत्तर मिळणार नाही.