नायट्रो ट्रक विकायला काढला आणि डोक्याची मंडई झाली

दीड महिना झाला टी-मॅक्स 3.3, म्हणजे रिमोटवर चालणारा, खरं इंजिन असलेला माझा छोटा ट्रक, विकायला लावलाय. नऊ फोटो टाकले, इंजिन चालू असल्याचा व्हिडिओ टाकला, आणि सगळ्यात वर लिहिलं की हा चार्जिंगवर पळत नाही, ह्यात पेट्रोल चालत नाही, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं वेगळं फ्युएल लागतं. पहिला मेसेज काय आला? "दादा चार्जर सोबत आहे का." काय बे, वाचता येत नाही का?

दुसऱ्याला मायलेज पाहिजे. एक टाकी दहा-बारा मिनिटांत संपते रे बाबा, ती काय स्प्लेंडर आहे का. तिसरा म्हणतो पुतण्याचा वाढदिवस आहे, पाच वर्षांचा झाला, 1500 ला द्या, गड्ड्याच्या जत्रेत असलीच गाडी 500 ला होती. गड्ड्यातली! अरे ह्याच्या तापलेल्या इंजिनचं हेड पाणी टाकलं की चुर्र करतं, पोराचा हात भाजेल, आणि तुझ्या 1500 मध्ये तर मी बसवलेला स्टिअरिंगचा मेटल गिअर सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी मोटर, पण येत नाही.

कहर झाला तो रविवारी. विजापूर रोडवरनं एक जण आला, दुपारी दीड वाजता, मे महिन्यात, सोबत दोन दोस्त, तिघांना ताक पाजलं. म्हटलं थांबा, मी स्टार्ट करून दाखवतो. पण एकाला घाई, त्यानं कुठंतरी व्हिडिओत बघितलेलं, सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून स्टार्टर दाबतच बसला, झालं, इंजिन फुल फ्लड, आत फ्युएलच फ्युएल, पिस्टन जागचा हलेना. ग्लो प्लग, म्हणजे फ्युएल पेटवणारा प्लग, काढून, गाडी उलटी करून, फ्युएल बाहेर काढण्यात माझा अर्धा तास गेला आणि तोवर हे तिघं आपसात, "इंजिन जाम दिसतंय बे." जाम नाही, तुम्ही केलंय ते!

चालू झाल्यावर काय, सगळे खूश, रील बनवला. मग स्पेअरचा डबा उघडून बसले. त्यात क्लच शू, क्लच बेल, दोन स्पर गिअर, सहा नवीन ग्लो प्लग, एअर फिल्टरचे फोम, एक कोरी बॉडी. बऱ्याच गोष्टी बाहेरून मागवलेल्या, कस्टम भरून, महिना महिना वाट बघून. आणि हा शहाणा काय म्हणतो, "चाकांचे अॅल्युमिनियमचे आर्म काढून ठेवा, डबा पण तुम्हालाच ठेवा, नुसता ट्रक 6 हजारला द्या." म्हणजे मी रविवारची संध्याकाळ स्क्रू खोलत बसायचं आणि जुने प्लास्टिकचे आर्म शोधत माळ्यावर चढायचं. क्लच बेल घासली की पहिल्याच महिन्यात मलाच फोन करशील की तू!

मी पण घेताना घासाघीस केली होती, नाही कशाला म्हणू. पण फ्लायव्हील हातानं फिरवून कॉम्प्रेशन बघितलं, मग भाव केला. इथं कुणी कॉम्प्रेशन विचारत नाही, नवीन इंजिन हळूहळू चालवून बसवायच्या, ब्रेक-इनच्या पाच टाक्या नीट काढल्या का विचारत नाही, कार्ब्युरेटरच्या नीडलचं तर नावच सोडा. सगळ्यांना एकच, "लास्ट किती."

त्यात आई रोज म्हणते कपाटात त्या ट्रकच्या तेलाचा वास मारतोय, काढ ते बाहेर. काढतोच आहे की माय!

18 हजार लिहिलेले, आज सकाळी खोडून 19 केले. परत कुणी चार्जर विचारला की 20.